सांध्यावर कोण उभं आहे?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

बोरीवलीहून सकाळची फास्ट लोकल सुटली की वाटेत कुठे तरी डबा एकदा बाजूला हिसका देतो. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जात असते. रोजच्या प्रवाशाला त्याचं काही वाटत नाही. उभ्या बायका हँडल घट्ट धरतात, बोलणं तसंच चालू राहतं. पण रेल्वेत काम केलेल्या माणसाला विचारा. तो सांगेल, सरळ रुळाची काळजी सगळेच घेतात, खरं लक्ष ठेवावं लागतं ते सांध्यावर.

मला या सांध्याबद्दलच बोलायचं आहे, फक्त तो रेल्वेचा नाही. १९९३ साली मी अंधेरीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामाला लागले आणि पुढची पंचवीसेक वर्षं त्याच कामात गेली. टेस्टिंग म्हणजे काय? दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम कुठे चुकतो, ते ग्राहकाच्या आधी शोधून काढायचं. सुरुवातीला प्रोग्रॅम लिहिणारे आणि तपासणारे एकाच खोलीत बसत. पुढे ते दोन गावांत गेले, मग दोन देशांत, आणि शेवटी दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांत. मी सांभाळलेल्या तुकड्यांतली काही माणसं मी कधी प्रत्यक्ष पाहिलीच नाहीत.

घरी माझी ओळख ‘रात्री फोनवर भांडणारी सून’ अशी होती. एकदा सासूबाईंनी विचारलंच, “अगं, रात्री साडेदहाला रोज कुणाशी एवढं भांडतेस?” मी म्हटलं, “भांडत नाही आई, चूक कुणाकडे आहे ते ठरवतोय.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग ते भांडणच की!”

सासूबाईंचं खरं होतं. या भांडणाला जवळपास पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा बराच भाग आपल्या मुंबई-पुण्यात घडलेला आहे.

सुरुवात मात्र अमेरिकेतल्या एका घरात झाली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी नरेंद्र पटनी आणि त्यांच्या पत्नी पूनम बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये राहत होते. अमेरिकेतला छापील मजकूर संगणकाला वाचता येईल अशा रूपात उतरवण्याचं काम भारतात करून घेता येईल का, असा विचार त्यांच्या मनात होता. त्या काळी परदेशी फोन लावायचा म्हणजे ट्रंक कॉल, तोही महागडा. तेव्हा या जोडप्यानं घरातच प्रयोग केला. घराचा एक भाग ‘अमेरिका’ आणि दुसरा ‘भारत’. अट एकच, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला तोंडी काही सांगायचं नाही. जी सूचना द्यायची ती कागदावर लिहून. नवरा-बायको एका छपराखाली असूनही हजारो मैलांवर असल्यासारखे वागले. त्यातून जे जमलं, ते त्यांनी पुण्यात आणलं, आणि १९७८ साली पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स उभी राहिली. पुढे याच कंपनीत काम केलेल्या मंडळींनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू केली, हे अनेकांना ठाऊक असेल.

मला या गोष्टीत रस आहे तो त्या कागदाच्या अटीमुळे. शेजारी बसलेल्या माणसाला आपण अर्धं वाक्य बोलतो, उरलेलं तो आपल्या चेहऱ्यावरून समजून घेतो. लांबच्या माणसाला चेहरा दिसत नाही. जे लिहिलं नाही ते त्याच्यापुरतं घडलेलंच नसतं. दूरवरच्या तुकड्यांकडून काम करून घेण्याचा हा पहिला धडा पटनी दांपत्यानं संगणकाचे दिवस यायच्या आधीच गिरवला होता.

त्याच सुमारास मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस रांगत होती. १९६८ मध्ये टाटा सन्सचा एक विभाग म्हणून ती सुरू झाली आणि टाटांच्या वीज कंपनीतले फकीरचंद कोहली यांच्याकडे तिची धुरा आली. संगणक आयात करायचा तर परवाना हवा, भरमसाट जकात भरायची आणि वर ठरावीक मुदतीत यंत्राच्या किमतीच्या दुप्पट सॉफ्टवेअर निर्यात करायचं, अशी ती व्यवस्था होती. १९७४ च्या सुमारास अमेरिकेच्या बरोज कंपनीनं टीसीएसला एक काम दिलं. रुग्णालयांच्या हिशेबाची एक प्रणाली बरोजच्या एका जातीच्या संगणकावर चालत होती, ती दुसऱ्या जातीच्या संगणकावर चालेल अशी करून द्यायची. पण ज्या बरोज यंत्रावर ती चालायची, ते यंत्र मुंबईत अजून पोचलेलंच नव्हतं! इथल्या मंडळींनी हाताशी असलेल्या ब्रिटिश बनावटीच्या आयसीएल संगणकावर ते रूपांतर केलं.

लाडू केले बोरीवलीत, चव घेणारा न्यूयॉर्कला, आणि तिकडचं तूपही आपण पाहिलेलं नाही, अशातली ही गत. काम करण्याची जागा एक, ते खरंखुरं चालण्याची जागा दुसरी. आमच्या व्यवसायातला सांधा तेव्हापासूनचा आहे.

अंधेरी पूर्वेला सीप्झ सुरू झालं ते १९७३ साली. नावात सांताक्रूझ असलं तरी जागा अंधेरीची. इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी काढलेला हा भाग, पण दशक संपता संपता टाटा आणि बरोज यांची संयुक्त कंपनी तिथे आली, पटनी आली, १९८२ मध्ये स्थापन झालेली मास्टेकही तिथलीच झाली. पश्चिम उपनगरातल्या कितीतरी मराठी घरांतली पहिली ‘कॉम्प्युटरवाली’ मुलगी किंवा मुलगा अंधेरी स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभा राहिला तो सीप्झला जाण्यासाठी.

जगात त्या वेळी टेस्टिंगबद्दल काय विचार चालला होता, तेही पाहायला हवं. १९६८ साली मेल्विन कॉनवे या अमेरिकी संगणकतज्ज्ञानं एक साधं निरीक्षण मांडलं. कुठलीही संस्था जी प्रणाली बनवते, तिची रचना त्या संस्थेतली माणसं एकमेकांशी कशी बोलतात त्याच्यासारखीच होते. दोन विभागांत अबोला असेल, तर त्यांनी केलेल्या दोन भागांतही तो उतरतो. १९७५ मध्ये फ्रेड ब्रुक्स यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात लिहिलं, की एकूण वेळेतला निम्मा वेळ तपासणीसाठी राखून ठेवावा. आणि १९७९ मध्ये ग्लेनफोर्ड मायर्स यांनी ठामपणे सांगितलं, की ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्यानंच तो तपासू नये. आपलं पोर आपल्याला गुणीच वाटतं, हा मनुष्यस्वभाव आहे.

मायर्स यांचा सल्ला सगळ्यांना पटला. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की लिहिणारे आणि तपासणारे यांच्यात भिंत उभी राहिली. ती भिंत पुढे समुद्र ओलांडून गेली. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळूरला आली आणि उपग्रहाच्या साहाय्यानं इथलं काम तिकडे जाऊ लागलं. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची सरकारी योजना आली आणि छोट्या कंपन्यांनाही अशी जोडणी मिळू लागली. तोवर मॅग्नेटिक टेप विमानानं जायच्या किंवा माणसंच तिकडे जायची. आता दिवस मावळला की आमचं काम इंग्लंड-अमेरिकेत पोचायचं आणि सकाळी उत्तर हजर असायचं. कागदावर हे फार सुंदर दिसे. चोवीस तास काम! प्रत्यक्षात एखादा शब्द संदिग्ध राहिला, तर पूर्ण दिवस वाया जायचा. आम्ही विचारणार संध्याकाळी, ते उत्तर देणार रात्री, आम्ही वाचणार दुसऱ्या दिवशी.

आमच्या पिढीची मोठी परीक्षा ठरली ती ‘वाय-टू-के’. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले असत. २००० साल उजाडलं की संगणक त्याला १९०० समजणार, ही भीती. दुरुस्तीचं फार मोठं काम भारतात आलं. ओळी बदलणं त्यातलं सोपं काम होतं. बदललेली ओळ दुसरीकडे काही मोडत नाही ना, हे पाहणं जिकिरीचं होतं. आम्ही संगणकांची घड्याळं पुढे करून ३१ डिसेंबरची रात्र पुन्हा पुन्हा जगलो. २९ फेब्रुवारी २००० सुद्धा, कारण शतकाचं वर्ष एरवी लीप नसतं, पण चारशेनं भाग जाणारं असतं, आणि हे काही प्रोग्रॅमरांना ठाऊक नव्हतं. खऱ्या ३१ डिसेंबर १९९९ ला आम्ही ऑफिसातच होतो. आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजले तेव्हा न्यूझीलंडमध्ये मध्यरात्र झाली. तिकडून सगळं ठीक असल्याची बातमी आली आणि कुणीतरी कँटीनमधून वडापाव मागवले. आजही काही लोक म्हणतात, वाय-टू-के म्हणजे उगाच बाऊ होता, काहीच झालं नाही. काही झालं नाही ते फुकट झालं नाही, एवढंच मी त्यांना सांगते.

पण त्या यशानं आमचा एक गैरसमज करून दिला. वाटलं, की प्रत्येकानं आपापला भाग नीट तपासला की पुरे. तो गैरसमज माझ्यापुरता २००१ साली दूर झाला.

इंग्लंडमधल्या एका विमा कंपनीचं काम होतं. पेन्शनरांना दर वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी पत्र जायचं. प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी दक्षिणेतल्या एका शहरात, तपासणारे आम्ही अंधेरीत आणि पत्रं छापून टपालात टाकणारी तिसरी कंपनी परदेशात. आमच्याकडून एक फाइल तिकडे जायची. आम्ही फाइल तपासली, बिनचूक होती. छापणाऱ्यांनी त्यांची छपाई तपासली, तीही बिनचूक. फक्त आमच्या फाइलमध्ये तारीख लिहिली होती आधी दिवस मग महिना, आणि त्यांचं यंत्र वाचत होतं अमेरिकी पद्धतीनं, आधी महिना मग दिवस. मग त्यांच्या तपासणीत ते कसं दिसलं नाही? कारण त्यांनी नमुन्यासाठी स्वतःच बनवलेली फाइल वापरली होती आणि तिच्यात तारीख होती ५ मे. पाच-पाच! उलटी वाचा की सुलटी, तीच. त्यात मुदतीच्या साऱ्या तारखा महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या. त्यामुळे तेरावा महिना म्हणून यंत्रानं एकही तारीख नाकारली नाही. ज्यांची मुदत ३ एप्रिल होती, त्यांना ४ मार्च छापून गेलं. पत्र हातात पडेपर्यंत ती तारीख उलटून गेलेली, आणि खाली छापलेलं, की मुदतीत दाखला न आल्यास पेन्शन थांबेल.

एका वृद्ध बाईंनी घाबरून फोन केला, तेव्हा हे कळलं. त्या आठवड्याच्या बैठकीत तिन्ही कंपन्यांनी आपापले अहवाल मांडले. प्रत्येकाच्या रकान्यात बरोबरच्या खुणा. “आमच्याकडे तर चालतंय,” हे वाक्य मी त्या रात्री तीन वेगवेगळ्या उच्चारांत ऐकलं. मग चर्चा निघाली, की ही चूक मानायची की बदल. वरवर शब्दांचा खेळ, पण सगळं अर्थकारण तिथेच आहे. चूक ठरली तर दुरुस्तीचा खर्च लिहिणाऱ्याच्या माथी, बदल ठरला तर ग्राहकाच्या. तपासनीस आम्ही, पण आम्हाला पैसे देणाराही त्यातलाच एक. दोन तास वकिली चालली आणि त्या बाईंचं नाव कुणी काढलं नाही. मीसुद्धा नाही.

दर नोव्हेंबरात माझे सासरे बोरीवलीच्या बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहत. आदल्या रात्री कागद चारदा तपासत. त्या बैठकीनंतर घरी आले तेव्हा ते जागेच होते. मला पहिल्यांदाच कळलं, की माझं काम कुणाच्या घरात जाऊन पोचतं.

आम्ही त्यानंतर तीन गोष्टी केल्या. एकच नमुना-फाइल तिन्ही कंपन्यांतून शेवटपर्यंत फिरवायची, कुणी स्वतःची बनवायची नाही. चुकांची नोंदवही एकच, तिघांनाही दिसणारी. आणि प्रत्येक सांध्यासाठी एका माणसाचं नाव लिहायचं. कंपनीचं नाव लिहिलेलं चालणार नाही. ज्या तारखेला काम पुढे जाईल, त्या दिवशी ‘मी हे स्वतः पाहिलं’ अशी त्याची सही हवी.

आम्हीच तेवढे गाफील होतो असं नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ पोचून नाहीसं झालं. यान बनवणारी लॉकहीड मार्टिन कंपनी कोलोरॅडोत, मार्ग आखणारी नासाची प्रयोगशाळा कॅलिफोर्नियात. कंपनीच्या प्रोग्रॅमनं रेट्याचे आकडे पौंडांत दिले, प्रयोगशाळेनं ते न्यूटनमध्ये आहेत असं धरलं. एक पौंड म्हणजे जवळजवळ साडेचार न्यूटन. दोन्हीकडे विद्वान माणसं, दोन्हीकडचे प्रोग्रॅम आपापल्या जागी चालणारे. सुमारे साडेबारा कोटी डॉलरचं यान त्या सांध्यावर घसरलं. ही यंत्रणा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट तपासली गेली नव्हती, हे चौकशीत स्पष्ट झालं.

सांधे जमले, असंही एक उदाहरण आपल्या सीप्झमधलंच आहे. १७ फेब्रुवारी २००३ पासून लंडनच्या मध्यभागात मोटार नेणाऱ्याला दिवसाला ५ पौंड कर लागू झाला. कामाचं कंत्राट होतं ब्रिटनच्या कॅपिटा कंपनीकडे आणि सॉफ्टवेअरची जबाबदारी मास्टेककडे. कॅमेरा गाडीची नंबर प्लेट वाचणार, लोक दुकानात, फोनवर, इंटरनेटवर, मोबाइल संदेशानं पैसे भरणार, आणि मध्यरात्रीपर्यंत दोन्हींचा मेळ घालून न भरणाऱ्याला ८० पौंड दंडाची नोटीस जाणार. विचार करा, यात किती सांधे आहेत! एक जरी निखळला, तर पैसे भरलेल्या माणसाला दंड. पहिला दिवस मुद्दाम शाळांच्या सुट्टीतला निवडला, म्हणजे रस्त्यावर गर्दी कमी. यंत्रणा ठरल्या दिवशी सुरू झाली. पहिल्या काही महिन्यांत चुकीच्या दंडाच्या तक्रारी आल्याच, पण जे मोडून पडेल असं अनेकांनी भाकीत केलं होतं, ते उभं राहिलं.

आणि धडा विसरला की काय होतं, तेही ब्रिटननंच पाहिलं. एप्रिल २०१८ मध्ये टीएसबी बँकेनं आपल्या ग्राहकांची खाती जुन्या मालकाच्या संगणकांवरून नव्या मालकाच्या संगणकांवर हलवली. काम मालकाच्याच समूहातल्या एका कंपनीकडे आणि तिच्या हाताखाली तब्बल ८५ कंपन्या. दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार होती, पण भार सोसण्याची चाचणी झाली ती त्यांतल्या एकाचीच. शनिवार-रविवारात खाती हलली आणि सुमारे १९ लाख ग्राहक आपल्याच खात्याबाहेर राहिले. सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला. पुढल्या वर्षी बँकेच्या तेव्हाच्या माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१ हजार पौंडांहून अधिक दंड झाला. पुरवठादार तयार आहे की नाही, याची खातरजमा त्यांनी पुरेशी केली नाही, म्हणून. म्हणजे नियामकांनीही शेवटी तेच म्हटलं. काम दुसऱ्या कंपनीला देता येतं, जबाबदारी देता येत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि आमच्या तुकड्या एका रात्रीत घराघरांत विखुरल्या. बोरीवलीत स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून मुलींनी बँकांचे प्रोग्रॅम तपासले. काम अडलं नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण घरातल्या घरात ‘अमेरिका’ आणि ‘भारत’ करण्याचा प्रयोग पटनींनी पन्नास वर्षांपूर्वीच केला होता. आता बरीचशी तपासणी यंत्रच यंत्राची करतं. तेही चांगलंच आहे. पण यंत्र सांगितलेलंच तपासतं. पाच-पाचची तारीख नमुन्यात का आली, हा संशय अजून माणसालाच घ्यावा लागतो.

सासरे आता नाहीत. फॅमिली पेन्शनसाठी सासूबाईंना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ आल्यापासून बँकेची रांग गेली. आधी बोटाचा ठसा देत, पण भांडी घासून आणि वयानं रेषा पुसट झालेल्या. आता नातू मोबाइलवर चेहरा दाखवून घेतो. मोबाइल एका कंपनीचा, त्यातला प्रोग्रॅम दुसऱ्याचा, आधारची नोंद तिसरीकडे, पेन्शन चौथीकडे. गेल्या नोव्हेंबरात दाखला गेल्याचा संदेश आला, तरी सासूबाईंनी चष्मा लावून मला विचारलंच, “अगं, पोचलं म्हणतंय, पण तिकडे कुणी बघितलं का?”

मी पंचवीस वर्षं रात्रीच्या फोनवर हेच विचारत होते.